अंबाडा, पदर, चाळण

आधी फोटो नीट बघून घ्या. तीन आहेत, तिन्ही वर्तमानपत्रातून कापलेले. एक सप्टेंबर २०२१ चा, एक डिसेंबर २०२२ चा, एक जुलै २०२३ चा. तिन्हींत पिकलेले केस, सुरकुत्या आणि फोटोवाल्याने सांगितलं म्हणून आणलेलं थोडंसं हसू. वयं ९५, ८९ आणि ८०.

शोकवार्तेतल्या फोटोची एक खोड आहे. तो नेहमी शेवटचा असतो. सगळं जगून झाल्यावर जो चेहरा उरतो तोच छापतात, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता आपण म्हणतो, "किती गोड आजी होत्या." गोड! यांतल्या एका आजीने भर दिवसा पोलिसांच्या डोळ्यांत धूळ फेकली, तेव्हा तिच्या साथीदारांनी ठाण्यातल्या चार बंदुका पळवल्या होत्या.

तर चला. सामान घेऊ नका, फोन घरीच राहू द्या. तिकडे कुणाशी बोलायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही, आणि डोळ्यांसमोर काहीही झालं तरी मध्ये पडायचं नाही. हा शेवटचा नियम आत्ता सोपा वाटतोय. भवानीनगरला पोचलात की कळेल.

पहिला मुक्काम जवळचाच आहे. २०१९ चा जून. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेतला दुसरीचा वर्ग धरा. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे आहात. पावसाने भिजलेली दप्तरं, कोरी पुस्तकं, खिडकीत वाळत घातलेली एक छत्री. बाई म्हणतात, "लिहा, त्रेपन्न." तुमच्या पुढ्यातली दोन वेण्यांची मुलगी पाटीवर आधी ३ काढते, कारण 'त्रे' तिने आधी ऐकलं. मग ५. पाटीवर पस्तीस. बाई मान हलवतात, ती बोटाने पुसते. पुढचा आकडा एकोणसाठ. आता कानावर चक्क साठ पडलंय आणि लिहायचा आहे पाच! मुलगी पेन्सिल तोंडात धरून छताकडे बघते. छतावर उत्तर नसतं, हे तुम्हालाही तुमच्या दुसरीत कळलेलं आहे.

बाईंच्या टेबलावर बालभारतीचं नवं गणिताचं पुस्तक आहे. त्यात 'त्रेपन्न'च्या सोबतीला 'पन्नास तीन' असंही वाचायला दिलंय. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि वर तीन सुटे, जसं लिहितो तसं बोलायचं. शेजारचे कानडी आणि तेलुगू लोक असंच बोलतात, आधी दशक मग एकक, आणि त्यांची भाषा काही बुडालेली नाही. ज्या समितीने हा बदल सुचवला तिच्या अध्यक्षा मंगला नारळीकर. त्या जूनमध्ये बाहेर काय गदारोळ झाला ते आठवतं? मराठीवर घाला, पिढ्यान्‌पिढ्यांचे पाढे बुडाले, विधानसभेत टिंगल. तुम्हीसुद्धा एखादा विनोद चार गटांत पुढे ढकलला असेल. मीही ढकलला होता, खोटं कशाला बोलू. जुने शब्द काढून टाकलेले नाहीत, पोराला जे सोपं पडेल ते आधी धरू द्या, एवढंच त्या बाई शांतपणे सांगत होत्या. विनोद पाठवताना ते ऐकायला कुणाला वेळ होता?

त्यांच्या घरात मी तुम्हाला नेणार नाही, ते बरं दिसत नाही. दारापर्यंतच जाऊ. साल १९८१. या बाई १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठात गणितात एम.ए.ला पहिल्या आलेल्या, कुलपतींचं सुवर्णपदक मिळालेलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम सुरू झालं, मग लग्न झालं, केंब्रिजला संसार आणि तिथे शिकवणं, परत मुंबई, तीन मुली, घरातली वडीलधारी माणसं. आणि लग्नाला पंधराएक वर्षं उलटून गेल्यावर, या १९८१ साली, त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळते आहे. आपल्या पिढीतल्या शिकलेल्या बायकांनी घर नेहमी आधी ठेवलं, आपलंही आयुष्य तसंच गेलं, असं पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. त्यात तक्रार नाही. फुशारकीही नाही.

पण त्या काळातल्या त्यांच्या एका शोधनिबंधाचा विषय ऐका: चाळलेल्या पूर्णांकांचा सिद्धांत. अहो, चाळण! गणितातली चाळण फार जुनी आहे, ती तुम्हालाही चालवता येईल. एक ते शंभर आकडे लिहा. १ बाजूला ठेवा. २ ठेवा, त्याच्या पटीतले सगळे खोडा. ३ ठेवा, त्याच्या पटीतले खोडा. मग ५, मग ७. बस, एवढ्यावर थांबा. चाळणीत जे राहिले ते २५ आकडे म्हणजे शंभराच्या आतल्या मूळ संख्या. त्यांना १ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग जात नाही. हेच पुढे लाखांवर, अब्जांवर नेलं की किती उरतील याचा अंदाज कसा बांधायचा, यात माणसांची आयुष्यं गेली आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात कुठली चाळण होती मला ठाऊक नाही. पण मुलींचे डबे भरून झाल्यावर ज्या बाईने असल्या चाळणीला हात घातला, तिला वयाच्या शहात्तराव्या वर्षी दोन वेण्यांच्या मुलीची पाटी दिसली, याचं मला नवल वाटत नाही. आकडा कुठे अडकतो ते तिला नेमकं माहीत होतं.

आता आवाजाच्या मागे जायचंय. साल १९६२ किंवा पुढचं एखादं, नक्की सांगत नाही, कारण हा मुक्काम तुमच्याच आजोळी आहे. दुपारची वेळ. आजोबा कामावर. फळीवर रेडिओ, त्यावर भरतकामाचा रुमाल. ढोलकीची थाप पडते आणि पाठोपाठ एक आवाज येतो, अस्सल ठसक्याचा, शब्द असा फेकणारा की समोरच्याने झेललाच पाहिजे. लावणी आहे. गाण्यातल्या बाईचा इरादा मुळीच सोज्वळ नाही. तुमची आजी परातीत कणीक मळते आहे. ती उठते. तुम्हाला वाटतं, आता बंद करणार. ती आवाज बारीक करते, शेजारी जाऊ नये इतकाच, आणि परत येऊन बसते. कणीक जरा जास्तच मळली जाते.

ही काही साधी गोष्ट नव्हती. लावणी म्हणजे तमाशा, आणि तमाशा म्हणजे तंबूच्या आत, पुरुषांसाठी. घरंदाज बाईने ती म्हणणं राहू द्या, ऐकणंसुद्धा वर्ज्य. ती स्वयंपाकघरात आली कशी?

गिरगावात चला, फणसवाडीत. सुलोचना कदम नावाची मुलगी मेळ्यांतून कामं करत वाढते आहे. गाणं कुणा उस्तादाकडे शिकायला गेलेली नाही, तबकड्या ऐकून उचललेलं. १९५० च्या आगेमागे ती हिंदी चित्रपटांत गाते आहे, १९५१ च्या 'ढोलक'मधला तिचा आवाज जुने रसिक अजून काढून ऐकवतात. मग दिग्दर्शक श्यामराव चव्हाणांशी लग्न होतं. शब्द कुठे फेकायचा, कुठे दाबायचा, कुठे नुसता सोडून द्यायचा, हे तिला नवऱ्याने शिकवलं. १९६२ साली 'रंगल्या रात्री अशा' आला. लिहिणारे जगदीश खेबुडकर, ज्यांनी तोवर सिनेमासाठी लावणी लिहिलीच नव्हती. संगीत वसंत पवारांचं. 'सवाल माझा ऐका' आणि 'मल्हारी मार्तंड' त्यानंतरचे. आचार्य अत्र्यांनी लावणीसम्राज्ञी म्हटलं ते कायमचं चिकटलं.

पण ऐकून भागणार नाही, बघायला हवं. एका कार्यक्रमाच्या मांडवात शिरा आणि कडेला उभे राहा. पडदा सरकतो. मागे ढोलकीवाला, पेटीवाला. पुढे माइक. आणि माइकसमोर एक बाई, काठापदराची साडी, पदर डोक्यावरून घेऊन दोन्ही खांद्यांवर नीट लपेटलेला. हळदीकुंकवाला निघालेली कुणाची मामी वाटावी. नवखे प्रेक्षक एकमेकांकडे बघतात, लावणीवाली कुठाय? तेवढ्यात ढोलकी कडाडते आणि ती मामी तोंड उघडते.

हात हलत नाही. कंबर हलत नाही. डोळा मिचकावणं, मान वेळावणं, काही म्हणजे काही नाही. सगळी अदा गळ्यातून येते आहे, सगळा नखरा 'ळ' आणि 'ग'च्या उच्चारात. मांडव शिट्ट्यांनी भरतो आणि पदर तसूभरही ढळत नाही. कुणी म्हणेल, मर्यादा पाळली. मला तसं वाटत नाही. त्या पदराच्या आडून त्या बाईने जे काही सांगितलं, ते उघड्या डोक्याने सांगितलं असतं तर तुमच्या आजीने रेडिओ खरंच बंद केला असता. पदर ही तिची परवानगी होती, आणि ती तिने कुणाकडे मागितली नव्हती.

ढोलकीच्या त्या आवाजात तिचा मुलगा वाढला आणि महाराष्ट्रातला नामी ढोलकीवादक झाला. बाईंना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. निघा आता. आजी कणकेचा हात धुते आहे, तिने मागे वळून बघायच्या आत.

पुढचा प्रवास लांबचा आहे. १९४३. एसटीने जाऊ म्हणाल तर एसटी निघायलाच अजून पाच वर्षं आहेत. पुणे-मिरज मीटरगेजची गाडी, लाकडी बाक, डोळ्यांत कोळशाची कच. तेव्हाचा सातारा जिल्हा, म्हणजे आजचं सातारा-सांगली मिळून. बेचाळीसचं 'चले जाव' होऊन गेलंय, पण इथे ते निवलं नाही. गावोगाव प्रतिसरकार उभं राहतंय. सावकाराच्या आणि खबऱ्याच्या तळपायांवर फटके बसू लागलेत, लोक त्याला पत्री सरकार म्हणतात. कुंडलच्या बाजूला प्रतिसरकारची तुफान सेना तयार होते आहे. या सगळ्याच्या मधोमध जो माणूस आहे, क्रांतिसिंह नाना पाटील, तो तुम्हाला दिसणार नाही. इंग्रज सरकारलाही तो दिसत नाहीये.

त्याची मुलगी मात्र दिसेल. हौसा. तीन वर्षांची असताना आई गेली. बापाने तलाठ्याची नोकरी सोडून चळवळ धरली. मग सरकारने घराला सील ठोकलं, जमीन घेतली. येडेमच्छिंद्रात ज्या दारात परवापर्यंत माणसांची रीघ होती, त्या माणसांना आता ओळख दाखवायची भीती वाटते. आजी आणि नात. मामाने बैलजोडी आणि गाडी दिली, तीच काय ती मिळकत. गूळ, शेंगा, जोंधळा भरायचा आणि ताकारीला पोचवायचा. एका खेपेचे तीन रुपये. त्या रस्त्यावर जरा थांबा आणि गाडीमागून चाला. चाकाखाली दगड येतो तेव्हा गुळाच्या ढेपा एकमेकींवर आपटतात आणि त्यांचा बदबद आवाज येतो. पेपरात "क्रांतिसिंहांच्या कन्या" असं छापून येतं ना, त्या कन्यापणाला असा आवाज होता.

आता भवानीनगर. स्टेशन आहे, पोलीस ठाणं आहे, ऊन आहे. तुम्ही सावलीला उभे आहात. आणि ठाण्याच्या पुढ्यात एक माणूस आपल्या बायकोला मारतोय.

भांडण साडीवरून निघालंय. तो ओरडतोय, जीव घेईन म्हणतोय. पोरगी सतरा-अठरा वर्षांची असेल, ती रडतेय, उलट बोलतेय, पुन्हा मार खातेय. लोक बघून पुढे जातात. तो माणूस वाकतो आणि एक मोठा धोंडा उचलतो, डोक्यात घालायला. तुमचा पाय पुढे पडलाय. मागे घ्या. मी सांगितलं होतं, मध्ये पडायचं नाही.

ठाण्यातून दोन पोलीस बाहेर येतात. काय रे, काय चाललंय. धोंडा टाकायला लावतात, दोघांना समजावतात, नवराबायकोचं भांडण रस्त्यावर कशाला. स्टेशनाकडे नेतात, गाडीत बसवून वाटेला लावायला. पोलीस पाठमोरे झाले की ठाण्याच्या दाराकडे बघा. चार-सहा माणसं आत शिरतात, घाई न करता, ओळखीच्या घरात शिरावं तशी. बाहेर येतात तेव्हा चार बंदुका आणि काडतुसं त्यांच्याबरोबर आहेत.

तो नवरा नव्हताच. तुफान सेनेतला साथी होता. पण मार मात्र खरा होता! नव्वदी ओलांडल्यावर हा किस्सा सांगताना हौसाताईंना त्याचाच राग यायचा, की एवढ्या जोरात कशाला मारलंस. त्याचं उत्तर ठरलेलं, खोटं मारलं असतं तर पोलिसांना कळलं नसतं का?

या युक्तीची वाहवा करताना मला दर वेळी जरा गिळायला जड जातं. ती लागू पडली कारण भर रस्त्यात बायकोला मारणारा नवरा कुणालाच संशयास्पद वाटला नाही. कुणी वळून दुसऱ्यांदा पाहिलं नाही. सतरा वर्षांच्या त्या मुलीला हे पक्कं ठाऊक होतं, आणि तिने त्याचाच आडोसा केला.

शेवटचा मुक्काम पणजी, १९४४. इथे इंग्रज नाहीत, पोर्तुगीज आहेत. बाळ जोशी नावाचा तुफान सेनेचा माणूस गोव्यातून हत्यारं आणताना पकडला गेलाय. फाशीची भीती आहे. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड त्याला सोडवायचं ठरवतात, तर तुरुंगात जाऊन त्याला बेत कळवणार कोण? हौसा. पदरी लहान लेकरू आहे, ते घरी ठेवून ती निघाली आहे. तुरुंगाच्या दारात ती कैद्याची बहीण झाली आहे.

तिच्या मागे रांगेत उभे राहा, म्हणजे नीट दिसेल. पाठ, लुगडं, मानेवर अंबाडा. काळेभोर केस, तेल लावून पिळून बांधलेले. पहारेकरी बघतो, त्याला एक खेडवळ बहीण दिसते. तुम्हालाही तेवढंच दिसलं असतं, पण तुम्हाला सांगून ठेवतो: त्या अंबाड्यात एका चिठोऱ्यावर तुरुंगातून पळायचा सगळा बेत आहे. पिशव्या चाचपायला पोलिसाचा हात सराईत असतो. बाईच्या वेणीफणीत काही असेल, असं मात्र त्याला वाटत नाही. ती आत जाते. तुम्ही बाहेर मिनिटं मोजता. ती बाहेर येते तेव्हा अंबाडा आहे तिथेच आहे, कदाचित किंचित सैल. हे मी म्हणतोय. तिने तसं सांगितलेलं नाही.

जी हत्यारं पोलिसांच्या हाती लागली नव्हती, ती आता घेऊन परतायचंय. रेल्वेने जाण्यात राम नाही, चेहरा पाहिला गेलाय. रानातून जायचं. आणि वाटेत मांडवी नदी आहे.

मध्यरात्र. काठावर या. होडी नाही, लहानशी डोणीसुद्धा नाही. पाण्यावर आवाज लांबपर्यंत जातो, तेव्हा श्वासही जपून घ्या. नदी इथे किती रुंद आहे हे अंधारात कळत नाही, आणि ते बरंच आहे. तिला पोहता येतं, पण विहिरीत पोहणं वेगळं. अंधारात कुणाच्या तरी हाताला मासेमारीचं जाळं लागतं आणि त्यात एक मोठी पेटी. ती पाण्यात लोटतात. हौसा पदर खोचते, पेटीवर पोटाशी पालथी पडते आणि हातांनी पाणी मागे सारू लागते. दोन्ही बाजूंना साथीदार पोहताहेत, त्यांची फक्त डोकी दिसतात.

जुलैतला, डिसेंबरातला, सप्टेंबरातला, तिन्ही फोटो तुमच्या खिशात आहेत. भिजतील. अंधारात पेटीचा ठिपका आधी लहान होतो, मग दिसेनासा होतो. पलीकडच्या काठावर काहीतरी घासल्याचा आवाज येतो, लाकूड वाळूवर यावं तसा. इकडच्या काठावर तुम्ही एकटेच उरलात, आणि होडी नाही हे तर मघाशीच सांगितलं.